तीक्ष्णतेची पारख

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. जे डोळ्यांना धडधडीत दिसते त्याला निराळ्या पुराव्याची गरज नाही, हा त्या म्हणीचा आशय. परंतु पारख आरशाचीच करावयाची असेल, तर काय करावे? ज्या साधनातून इतर सर्व वस्तू पाहावयाच्या, ते साधनच खरे की खोटे, हे कशावरून ठरवावे? प्रकाशचित्रणाच्या इतिहासात हा प्रश्न पावणेदोनशेहून अधिक वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेलाही त्याला तोंड द्यावे लागले. तेथे तो केवळ शास्त्राचा प्रश्न नव्हता. आपण घडविलेल्या वस्तूवर आपण कोणत्या आधाराने विश्वास ठेवावा, असाही तो प्रश्न होता.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर ह्यांची प्रकाशचित्रणाची पद्धती जाहीर झाली, तेव्हा तिचे कौतुक झाले खरे. पण माणसाचे चित्र घेणे मात्र जवळजवळ अशक्य होते. कॅमेऱ्याचे भिंग इतका थोडा प्रकाश आत घेई की, भर उन्हातही कित्येक मिनिटे निश्चल बसून राहावे लागे. इमारती स्थिर असतात, माणसे नसतात. ह्या अडचणीवर व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल ह्यांनी १८४० मध्ये उपाय काढला. तोफखान्यातील आकडेमोडीत निष्णात असलेल्या सैनिकांचे साहाय्य घेऊन त्यांनी एका नव्या भिंगाचे गणित मांडले, आणि फोइक्टलेंडर ह्यांच्या कारखान्याने ते घडविले. आधीच्या भिंगांच्या मानाने ते पंधरा ते वीस पट अधिक प्रकाश घेत असे. व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय खऱ्या अर्थाने त्यानंतर उभा राहिला.

भिंगाची ही प्रकाश घेण्याची शक्ती मोजण्याची रीत सोपी आहे. भिंगापासून त्याच्या नाभीपर्यंतचे अंतर, म्हणजे नाभीय अंतर, घ्यावे व त्याला भिंगाच्या मुखाच्या व्यासाने भागावे. हा भागाकार जितका लहान, तितके चित्र अधिक उजळ. छायाचित्रकार हा आकडा 'एफ' ह्या अक्षरापुढे लिहितात. पेट्झवाल ह्यांचे भिंग एफ/३.६ होते. ज्या भिंगाचा हा आकडा लहान त्याला 'फास्ट', म्हणजे जलद भिंग म्हणण्याचा प्रघात आहे, कारण त्याने चित्र थोड्या वेळात उमटते. ज्याचे नाभीय अंतर कायमचे ठरलेले असते त्याला 'प्राइम' असे नाव आहे. मंद उजेडात काम करणाऱ्याला अशा जलद व स्थिर नाभीच्या भिंगाचे आकर्षण आजही वाटते.

परंतु ह्या लाभाची किंमत द्यावी लागते. पेट्झवाल ह्यांच्या भिंगाने काढलेल्या व्यक्तिचित्रात मुद्रा रेखीव येई. कडेची वस्त्रे, हात, आसन मात्र धूसर होत जात. व्यक्तिचित्रात ही धूसरता शोभूनही दिसे. पण नकाशाची किंवा शिलालेखाची प्रतिमा घ्यावयाची असेल, तर तोच गुण दोष ठरे. जलद भिंगाचा आणखी एक दोष असा की, भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण नाभीशी नीट मिळतात, पण कडेतून जाणारे किरण थोडे आधी किंवा थोडे नंतर मिळतात. ह्याला गोलीय विपथन म्हणतात. मुखाचा व्यास दुप्पट केला, तर ह्या एका दोषामुळे होणारा ठिपक्याचा विस्तार आठ पट होतो. म्हणून छायाचित्रकार छिद्र लहान करतो. कडेचे उच्छृंखल किरण अडविले जातात, आणि चित्र एकदम रेखीव होते.

येथे एक गमतीचा विरोध आहे. प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळे छिद्र अतिशय लहान केले की तो छिद्राच्या कडांशी पसरतो, आणि चित्र पुन्हा मऊ पडते. निर्दोष भिंगातूनही ताऱ्याची प्रतिमा बिंदूरूप न येता एक सूक्ष्म चकती येते. जॉर्ज एअरी ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने १८३५ मध्ये ह्या चकतीचे गणित दिले. त्या गणिताप्रमाणे मुख जितके मोठे, तितकी चकती लहान. म्हणजे तत्त्वतः मोठ्या मुखाचे भिंगच अधिक तीक्ष्ण असावयास हवे. प्रत्यक्षात ते तसे नसते, ह्याचे कारण निसर्गनियमात नसून घडविणाऱ्याच्या हातात व गणितात असते. ह्यावरून पारखीचा पहिला नियम निघतो: जलद भिंगाची परीक्षा ते पूर्ण उघडे ठेवूनच करावी. छिद्र लहान केल्यावर सामान्य भिंगही सज्जन दिसते.

दुसरा नियम असा की, एका सुंदर चित्रावरून निर्णय करू नये. जाणता छायाचित्रकार कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवितो, भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चौकात व मध्यावर सपाट लावतो, कॅमेरा भिंतीशी अगदी समांतर ठेवतो, आणि नाभी किंचित मागेपुढे करीत अनेक चित्रे घेतो. नाहीतर नेम चुकल्याचा दोष भिंगाच्या माथी बसतो. मग मध्य आणि चारही कोपरे तो निरनिराळे तपासतो. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो त्या रचनेचा स्वभाव. एकच कोपरा बिघडलेला असेल, तर बहुधा आतील एखादे भिंग तिरके बसलेले असते.

बारीक रेषांचे तक्ते वापरण्याची पद्धतीही रूढ झाली. अमेरिकन हवाई दलाने १९५१ मध्ये तीन-तीन रेषांचा जो तक्ता ठरविला, तो पुढे जगभर गेला. पण किती बारीक रेषा सुट्या दिसतात, एवढ्यावर तीक्ष्णता ठरत नाही. एखादे भिंग अतिसूक्ष्म रेषा दाखविते, पण फिकट राखाडी. दुसरे तितक्या सूक्ष्म रेषा दाखवीत नाही, पण जे दाखविते ते काळे-पांढरे, ठसठशीत. डोळा पुष्कळदा दुसऱ्यालाच तीक्ष्ण म्हणतो. १९४६ मध्ये फ्रान्सचे पिएर-मिशेल द्युफियो ह्यांनी व पुढील दशकात लंडनचे हॅरोल्ड हॉपकिन्स ह्यांनी ह्या गोष्टीला गणिताचे रूप दिले. रेषा बारीक होत जातात तसतसा त्यांच्यातील काळ्या-पांढऱ्याचा भेद भिंग किती टिकवून धरते, ह्याचा आलेख काढावयाचा, ही ती रीत. आज मोठे कारखाने आपल्या भिंगाबरोबर असेच आलेख प्रसिद्ध करतात.

तथापि सर्वांत कठोर परीक्षक म्हणजे तारा. काळ्या आकाशातील एक प्रकाशबिंदू जर चित्रातही बिंदूच राहिला, तर भिंग खरे. त्याला शेपूट फुटली, पंख फुटले किंवा भोवती धुके आले, की कोणता दोष कोठे आहे हे लगेच उघड होते. दुर्बिणीच्या आरशाच्या नाभीवर छायाचित्राची काच ठेवली की ती दुर्बीण म्हणजे एक प्रचंड कॅमेराच होय. त्या आरशाचे नाभीय अंतरही कायमचे ठरलेले असते. बेंगळुरूची हकीकत अशाच एका कॅमेऱ्याची आहे.

१९६० साली मनाली कल्लाट वेणू बाप्पू हे कोडाइकॅनल वेधशाळेचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. हार्वर्ड येथे शिकत असताना १९४९ मध्ये त्यांनी बोक व न्यूकर्क ह्यांच्यासह एक धूमकेतू शोधला होता, आणि ओलिन विल्सन ह्यांच्याबरोबर १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे त्यांचे नाव ताऱ्यांच्या वर्णपटाच्या अभ्यासात कायमचे नोंदले गेले होते. कोडाइकॅनलचे काम मुख्यतः सूर्याचे. रात्रीच्या वेधांसाठी त्यांनी तामिळनाडूतील जव्वादी टेकड्यांमधील कवलूर हे खेडे निवडले. तेथे १९६८ मध्ये देशातच तयार केलेल्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने कामाला आरंभ झाला. १९७२ मध्ये पूर्व जर्मनीतील कार्ल त्साइस येना ह्या कारखान्याची सुमारे एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. १९७१ मध्ये भारतीय खभौतिकी संस्था स्वायत्त झाली होती, आणि पुढे तिचे मुख्य ठाणे बेंगळुरूला हलले.

येनाची दुर्बीण उत्तम होती. मार्च १९७७ मध्ये युरेनस ग्रहाआड एक तारा गेला, तेव्हा त्या ग्रहाभोवतीच्या कड्यांचा जगाला जो पत्ता लागला, त्यात कवलूरच्या वेधांचाही वाटा होता. मग पुढची मोठी दुर्बीणही परदेशातून का मागवू नये? बाप्पूंचे उत्तर असे की, पुढची दुर्बीण देशातच घडवावी. काचेची चकती परदेशातून आली. पण तिला आकार देणे, घासणे, झिलई देणे व तपासणे हे काम संस्थेच्या बेंगळुरू येथील प्रकाशिकी प्रयोगशाळेत व्हावयाचे होते. ए. पी. जयराजन हे त्या कामाचे प्रमुख शिल्पकार. दुर्बिणीचा आराखडा टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स ह्यांनी केला, आणि तिचा पोलादी सांगाडा पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाला. उसाच्या मळ्यांमध्ये वसलेल्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या ह्या औद्योगिक गावाचा ताऱ्यांशी जडलेला हा संबंध महाराष्ट्रात फारसा कोणास ठाऊक नाही.

विकत घेतलेल्या यंत्राबरोबर कारखान्याचे प्रमाणपत्र येते. त्यावर विश्वास ठेवला की काम भागते. चुकले तर दोष दुसऱ्याचा. स्वतः घडविलेल्या आरशाला असे प्रमाणपत्र कोणी देत नाही. ते घडविणाऱ्यानेच स्वतःला द्यावयाचे, आणि तेही स्वतःची फसवणूक न करता. ह्या निर्णयातील खरे साहस काच घासण्यापेक्षा येथेच अधिक होते.

ते किती अवघड होते, हे आकड्यांवरून कळेल. आरशाचा व्यास २.३४ मीटर, त्याचे प्रमाण एफ/३.२५, म्हणून नाभीय अंतर सुमारे ७.६ मीटर. दुसऱ्या लहान आरशाने किरण वळवून जी मागची नाभी मिळते तिचे प्रमाण एफ/१३ आहे. म्हणजे मुख्य नाभीवर तेजोमेघासारख्या फिकट पसरट वस्तूचे चित्र मागच्या नाभीपेक्षा सोळा पट उजळ पडते. पेट्झवाल ह्यांना जे व्यक्तिचित्रासाठी हवे होते, तेच येथे दूरच्या दीर्घिकांसाठी हवे होते.

आरसा घासण्याची स्वाभाविक क्रिया गोलीय पृष्ठ देते. पण सगळे समांतर किरण एका बिंदूत आणावयाचे, तर पृष्ठ अन्वस्ताचे हवे. ह्या आरशाच्या मापांवरून हिशेब केला, तर मध्याशी जुळणारा गोल आणि हवा असलेला अन्वस्त ह्यांत अगदी कडेला फरक पडतो तो सुमारे ६७ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; तेव्हा हा फरक साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतका. तेवढाच काढावयाचा, आणि तो काढताना चूक मात्र त्याच्याही हजाराव्या भागाची असावी! कारण १८७९ च्या सुमारास लॉर्ड रॅले ह्यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, प्रतिमा जवळजवळ निर्दोष राहावयाची तर तरंगातील चूक तरंगलांबीच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी. परावर्तनात पृष्ठावरील चूक दुप्पट होते, म्हणून पृष्ठाला मुभा एक अष्टमांशाची, म्हणजे हिरव्या प्रकाशासाठी सुमारे ०.०७ मायक्रॉनची.

इतकी सूक्ष्म चूक कोणत्याही पट्टीने मोजता येत नाही. ती प्रकाशानेच मोजावी लागते. १८५८ मध्ये लेऑन फूको ह्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत ह्यासाठी एक युक्ती काढली. आरशाच्या वक्रतामध्याशी एक बारीक दिवा ठेवावयाचा, आणि परत आलेले किरण जेथे मिळतात तेथे सुरीचे पाते हळूच सरकवावयाचे. आरसा निर्दोष गोल असेल, तर त्याचे सारे पृष्ठ एकाच क्षणी सारखे मंद होते. नसेल, तर त्यावर टेकड्या व दऱ्या उजेड-सावलीत दिसू लागतात. मायक्रॉनच्या अंशाइतका उंचवटाही मावळतीच्या उन्हातील डोंगरासारखा उठून दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या योहानेस हार्टमान ह्यांनी भोकांच्या जाळीतून आरशाचे निरनिराळे भाग सुटे करून प्रत्येकाचे किरण कोठे जातात हे मोजण्याची पद्धती दिली. अन्वस्ताच्या बाबतीत फूकोची सावली एकसारखी पडत नाही. म्हणून एक तर पृष्ठाची वलये निरनिराळी मोजावी लागतात, किंवा मध्ये अशी भिंगे ठेवावी लागतात की अन्वस्त गोलासारखा भासावा. अशा कामात घासण्यापेक्षा थांबणेच अधिक असते. घर्षणाने काच तापते, तापली की फुगते, आणि तापलेल्या काचेची परीक्षा खोटी ठरते. काच निवेपर्यंत वाट पाहावयाची, मोजावयाचे, थोडे घासावयाचे, पुन्हा वाट पाहावयाची. काढलेली काच परत लावता येत नाही.

एवढे होऊनही अन्वस्त हा ठीक मध्यापुरताच निर्दोष असतो. ह्या प्रमाणाच्या आरशात मध्यापासून केवळ एक कला दूर गेले की ताऱ्याला सुमारे एक विकला लांबीची, धूमकेतूसारखी शेपूट फुटते. आणि पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३१ कला असते. म्हणून विस्तृत चित्रासाठी नाभीपुढे दुरुस्तीची भिंगे बसवावी लागतात. मुखपृष्ठ मोठे, मध्य रेखीव आणि कडा बिघडलेल्या, हे जलद भिंगाचे जुने दुखणे येथेही चुकले नाही.

आणखी एक प्रश्न उरतो. गणिताप्रमाणे २.३४ मीटरच्या आरशाने ०.०६ विकला इतके सूक्ष्म दाखवावे. पण कवलूरचे वातावरण चांगल्या रात्रीही ताऱ्याचे बिंब एक-दोन विकलांपर्यंत पसरविते. मग इतक्या अचूकतेचा आग्रह कशाला? कारण हवेचा दोष व आरशाचा दोष एकत्र होतात, एकमेकांस झाकीत नाहीत. हवा काही क्षण स्थिर होते. वाकडा आरसा कधीच सरळ होत नाही. शिवाय ताऱ्याचा प्रकाश जितका पसरेल, तितके फिकट तारे आकाशाच्या उजेडात बुडून जातील. तीक्ष्णता म्हणजे केवळ रेखीवपणा नव्हे. दूरचे व दुर्बळ ते दिसणे हीही तीक्ष्णताच होय.

ह्या कामाशी ताडून पाहावा असा एक आरसा त्याच काळात अमेरिकेत घासला जात होता. हबल दुर्बिणीचा तो आरसा २.४ मीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ बेंगळुरूच्याच मापाचा. १९७९ ते १९८१ ह्या काळात त्याला झिलई देण्यात आली. त्याच्या तपासणीसाठी जे साहाय्यक प्रकाशयंत्र वापरले त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. त्या खोट्या साक्षीदाराबरहुकूम आरसा विलक्षण गुळगुळीत झाला, पण कडेला सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट झाला. दुसऱ्या, साध्या परीक्षणात दोषाची चिन्हे दिसली होती. ते परीक्षण कमी अचूक म्हणून बाजूस सारण्यात आले. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि दोन महिन्यांत सत्य बाहेर पडले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा बसविल्यावर ते शल्य दूर झाले. पैसा, ज्ञान, यंत्रसामग्री ह्यांपैकी कशाचीही तेथे उणीव नव्हती. उणीव होती ती दोन साक्षींत विरोध आला असता थांबून विचारण्याची.

बेंगळुरूच्या आरशाची अखेरची परीक्षा कवलूरच्या आकाशात व्हावयाची होती. बाप्पूंच्या वाट्याला ती आली नाही. १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष निवडले गेले होते. त्या पदावर असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले. वय ५५ वर्षांचे. सहकाऱ्यांनी काम चालू ठेवले. १९८५ च्या अखेरीस दुर्बिणीत प्रथम ताऱ्यांचा प्रकाश आला, आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते तिला वेणू बाप्पू ह्यांचे नाव देण्यात आले. २०१६ मध्ये उत्तराखंडातील देवस्थळ येथे ३.६ मीटरची दुर्बीण सुरू होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ती देशातील सर्वांत मोठी प्रकाशीय दुर्बीण होती. देवस्थळचा आरसा रशियात घासला गेला आणि ती दुर्बीण बेल्जियमच्या कारखान्याने बांधली. त्यामुळे कवलूरचे मोल कमी होत नाही; उलट बेंगळुरूने अंगावर घेतलेल्या कामाचे वजन कळते.

भिंग विकत घेणाऱ्या साध्या छायाचित्रकारापासून दुर्बीण घडविणाऱ्या संस्थेपर्यंत पारखीचा मार्ग एकच आहे. साधन पूर्ण उघडे ठेवून तपासावे. मध्याबरोबर कडाही पाहाव्यात. एका कसोटीवर विसंबून न राहता दुसरी लावावी. आणि दोहोंत मतभेद झाला, तर सोयीच्या साक्षीपेक्षा गैरसोयीच्या साक्षीचे आधी ऐकावे. कवलूरच्या टेकडीवर घुमटाचे दार उघडले की, बेंगळुरूच्या त्या कामगारांनी केसाच्या हजाराव्या भागाशी घेतलेली झुंज कोणालाही दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तारे तेवढे बिंदूसारखे दिसतात.